आप्पा, तुमचे जोड मी कापले

आप्पा,

तुमच्या फोटोला हार घातलाय. तो मी घातलेला नाही, शंकरकाकांनी घातला. मी घालणार नाही म्हटल्यावर गावात, चामटोलीत, जी कुजबुज व्हायची ती होऊन गेली. फोटोही कुठला लावलाय, तर आत्याच्या सुनीलच्या लग्नातला. फेटा बांधलेला, मिशी कोरलेली. असे तुम्ही कधी दिसलातच नाही. तुम्ही दिसायचात ते डोकं कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर. निम्म्या बदलापूरने आयुष्यभर तुमच्या पायांशीच गप्पा मारल्या. "मास्टर, हॉर्न वाजत नाय." "मास्टर, वायपर आपोआप चालू होतो." आणि पाय उत्तर द्यायचे, "ठेवून जा."

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. मास्टरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. रिक्षावाले बोलतात, पाववाला बोलतो, घरच्या सत्यनारायणातून उठून ज्याची गाडी तुम्ही चालू करून दिलीत तोही बोलतो. आई मान हलवते. मी आत जाऊन भांडी आपटते. कारण तुम्ही नाही म्हटलं होतं आप्पा, आणि ते मला म्हटलं होतं. हाताला काय झालंय? काही नाही. अंगठ्याला भाजलं कसं? काही नाही. पक्कड का पडली हातातून? काही नाही गं, तेल लागलंय.

तेल लागलं नव्हतं.

हे मला कधी कळावं? तुमच्या तेराव्याला. आणि कुणाकडून? उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या शेठकडून. तेच आपले वायर-फ्यूजवाले, ज्यांच्या दुकानात तुम्ही चहा प्यायल्याशिवाय कधी माल उचलला नाही. पंगतीत बसले होते, बुंदीला हात लावला नव्हता. मी वाढायला गेले तर म्हणाले, "बेटा, मैं तो बोला था उसको, डॉक्टर को दिखा. दुकान में फ्यूज का पाकीट उसके हाथ से गिर जाता था. आधा घंटा हाथ में जान नहीं, फिर ठीक. बोलता था, साईं, वैशाली को मत बोलना."

माझ्या हातात बुंदीची परात होती. ती मी कशी खाली ठेवली, ठेवली का कुणी घेतली, आठवत नाही. मी शेठना विचारलं, "कधीपासून?" ते म्हणाले, "होली के पहले से."

होळीच्या आधीपासून. म्हणजे पूर्ण उन्हाळाभर मी तुमच्याशेजारी बसून काम करत होते, तुमच्या डब्यातली भाकरी खात होते, आणि तुमचा उजवा हात मधूनमधून मरून परत जिवंत होत होता. ते उल्हासनगरच्या शेठला माहीत आणि मला नाही.

तुमच्यावर लिहायला बसले की मी चांगलं काहीतरी लिहावं असं सगळ्यांना वाटतं. ठीक आहे. चांगलंही लिहिते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी कामाला होते तो इलेक्ट्रिक पॅनेलचा कारखाना बंद झाला तेव्हा मी घरी बसून रडत होते. तुम्ही म्हणालात, "रडून झालं की दुकानात ये, सुमोचं वायरिंग जळलंय." एवढंच. लोक काय म्हणतील हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही. पहिल्याच आठवड्यात एक टेम्पोवाला म्हणाला, "मास्टर, पोरगी गाडीला हात लावणार काय?" तुम्ही डॅशबोर्डखालूनच म्हणालात, "नको असेल तर ढकलत ने." त्याने गाडी ठेवली. पुढे तोच माणूस "ताई कुठाय?" असं विचारत यायला लागला. त्या तुमच्या वाक्याची मी आयुष्यभर ऋणी राहीन. आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. लोकांच्या गाड्या माझ्या हातात दिल्यात. स्वतःचा हात तेवढा दिला नाहीत बघायला.

आपलं भांडण जुनं होतं. तुमचं म्हणणं, गाडी चालू झाली पाहिजे. माझं म्हणणं, गाडी वेळेवर बंदही पडली पाहिजे. फ्यूज उडतो तो कुणाला छळायला नाही, पुढचं जळू नये म्हणून उडतो. तुम्ही फ्यूजला शिव्या द्यायचात, जसा काय तो तुमचा साडू. फ्यूज नसला हाताशी की वायरीचे दोन तंतू तिथे अडकवायचे आणि म्हणायचं, "संध्याकाळी नीट करू." संध्याकाळी गाडी कर्जतला गेलेली असायची.

तुम्ही त्यावर नेहमी बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या त्या पिकअपची गोष्ट काढायचात. आजही काढली असतीत, म्हणून मीच काढते. डोंगराकडच्या पाड्यावरचं वऱ्हाड होतं. पिकअप भरलेली, नवरी पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि दिवस मावळता मावळता हेडलाईट गेले. आपण स्कूटरवरून येत होतो. तुम्ही थांबलात, कारण तुम्ही थांबणारच. स्विच जळून कोळसा झाला होता. मी म्हटलं, नवीन स्विच लागेल. तुम्ही हसलात. बॅटरीवरून थेट वायर घेतलीत, खिडकीतून आत ओढलीत, आणि स्विचच्या जागी तुमची दोन बोटं. दोन्ही टोकं चिमटीत दाबून तुम्ही नवरीच्या शेजारी दाटीवाटीने बसलात आणि अख्खं वऱ्हाड वांगणीपर्यंत पोचवलंत. मी मागे स्कूटरवर. खड्डा आला की तुमची चिमूट सुटायची, दिवे विझायचे, आणि पिकअपमधून बायका ओरडायच्या, "मास्टर, दाबा!" नवरीसुद्धा हसत होती. वांगणीला उतरलात तेव्हा बोटांना फोड आले होते आणि हातात जिलबीचा पुडा होता. मी इतकी हसले होते की मला स्कूटर उभी करता येईना.

त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. हे मी कबूल केलं होतं, आताही करते. पण तो रस्ता होता आप्पा, दुसरा इलाज नव्हता. दुकानात इलाज असतो. दुकानात शेल्फवर फ्यूजचा डबा असतो. इतकं साधं माझं म्हणणं होतं, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

मग यंदा नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं.

भोईरकाकांची शाळेची व्हॅन त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर दोरी बांधून ओढत आणली तेव्हा दार उघडल्याबरोबर चिखलाचा लोट बाहेर आला आणि त्यात कुणाची तरी चिमुकली पाण्याची बाटली. भोईरकाका तिथेच फुटपाथवर बसले. सकाळची शाळा, दुपारची शाळा, सगळी पोरं त्या एका गाडीवर. पालक फोनवर फोन करत होते. "मास्टर, तुमच्याशिवाय कोण नाय," ते म्हणाले. झालं. ते वाक्य ऐकलं की तुमचं काम तमाम.

मी गालिचा उचलला, खालचा एक कनेक्टर उघडला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. वायर थोडी सोलली तर आत तांबंही हिरवं. पुराचं पाणी वायरीच्या आत चढत जातं, बाहेरून काही दिसत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी म्हटलं, "आप्पा, सगळं वायरिंग बाहेर काढायचं. मागून पुढपर्यंत. जिथे जिथे हिरवं, तिथे कापून नवीन."

"पंधरा दिवस जातील."

"जाऊ देत."

"पोरांची शाळा आहे, वैशे."

"पोरांची आहे म्हणूनच म्हणते. सीएनजी गाडी आहे ती. मागे टाकी, वर पोरं. ठिणगी पडली तर?"

तुम्ही टेस्ट लॅम्प शोधत राहिलात. तो तुमच्या खिशातच होता. मी म्हटलं, "तुमचं काम हल्ली बिघडलंय आप्पा. परवाच्या रिक्षाचे जोड मी परत केले. नुसता पीळ आणि टेप. सोल्डर नाही, वर प्लास्टिकची स्लीव्ह नाही. कंटाळा आला असेल तर घरी बसा."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता ओरडतील. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ही गाडी मी करणार. तू हिला हात लावू नको."

काकूला वाटतं की 'घरी बसा' म्हटल्याचं मला वाईट वाटलं पाहिजे. "शेवटचं असं बोलली गं ती बापाला," असं ती दोघी-तिघींजवळ बोललीय. मला वाईट वाटत नाही. जोड ढिले होते. ढिल्या जोडावर ओरडायचंच असतं. तुमचा हात चालत नव्हता हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी ओरडले नसते, रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं असतं. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत. तेव्हा हे माझ्या खात्यावर टाकू नका. मी घेणार नाही.

दुकानात आपण बोलत नव्हतो. तुम्ही व्हॅनमध्ये, मी बाहेर इतर गाड्यांवर. मधे टपरीवरच्या सुमनताईंचा चहा यायचा, तुमचा तुमच्या पायांशी, माझा माझ्या हातात. एके दिवशी तुम्ही सुमनताईंकडून निरोप पाठवलात, व्हॅन झालीय, भोईरला उद्या बोलव. आपल्यात पाच पावलांचंही अंतर नव्हतं आणि निरोप चहावालीकडून.

त्या दुपारी मी कॅम्प पाचला कनेक्टर आणायला गेले. येताना अंबरनाथला ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचले तेव्हा तुम्ही व्हॅनमध्येच होता, नेहमीसारखे, पाय बाहेर. पायांशी चहाचा ग्लास, वर साय धरलेली. मी पिशवी टेबलावर आपटली आणि मोठ्याने म्हटलं, "झाली म्हणालात ना? मग अजून काय चाललंय?" उत्तर नाही. मला वाटलं, रुसलेत. मी दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं. मग सुमनताई ग्लास न्यायला आल्या. म्हणाल्या, "मास्टर, चहा तसाच?" आणि वाकून आत बघितलं, आणि किंचाळल्या.

तुम्ही डाव्या कुशीवर होता. डोळे उघडे होते. उजव्या हाताच्या बोटांत टेप होती, सुटलेली. तुम्ही काहीतरी म्हणायचा प्रयत्न केलात, पण तोंड एका बाजूला गेलं होतं. काय म्हणत होतात, मला अजून कळलेलं नाही.

रिक्षावाल्यांनीच उचललं. जवळच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "याआधी कधी हात बधिर व्हायचा का? बोलताना शब्द अडकायचे?" मी ठणकावून सांगितलं, "नाही. कधीच नाही." त्या म्हणाल्या, आधी छोटे झटके येऊन गेले असणार, ते पेशंटला कळतात. तेव्हा लक्ष दिलं असतं तर औषधं होती. मी त्यांच्याशी भांडले, आप्पा. म्हटलं, माझे वडील आहेत, मला माहीत नसणार का?

दवाखान्यात नेताना तुमची शुद्ध गेली ती परत आलीच नाही. बाकी सगळं तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल.

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. भोईरकाका आलेच, सोबत शंकरकाका. भोईरकाकांनी येताना झेंडूचा हार आणला होता, व्हॅनसाठी. ते आत बसले, चावी फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. हेडलाईट लागले. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सगळं चालू. रस्त्यावरचे चार लोक जमले. भोईरकाका रडायला लागले. "बघा, मास्टर गेले पण पोरांची सोय करून गेले." शंकरकाकांनी रुमाल डोळ्यांना लावला. सुमनताईंनी हात जोडले. सगळे माझ्याकडे पाहत होते, की आता ही रडेल.

मी म्हटलं, "काका, गाडी बंद करा. आज मिळणार नाही."

"अगं पण चालू झाली ना?"

"चालू झाली म्हणूनच. आत काय केलंय ते बघितल्याशिवाय पोरांना बसवायला देणार नाही."

शंकरकाका पुढे आले. "वैशाली, तुझ्या बापाच्या हातचं शेवटचं काम आहे ते. त्याला कात्री लावणार?"

"लावणार."

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवू नको आमची."

"तुमची पोरं जातात का या व्हॅनमधून? नाही ना? मग बोलू नका."

असं मी काकांशी कधी बोलले नव्हते. ते निघून गेले. भोईरकाकांनी खाली उतरून हार बाजूला ठेवला. मग त्यांनीच वाकून बॅटरीचा टर्मिनल सोडवायला सुरुवात केली आणि म्हणाले, "माझी नात बसते यात. बघ तू."

मी सीट काढल्या, गालिचा काढला, मागून सुरुवात केली, कारण तुम्ही मागून सुरुवात करता. उजव्या मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरी. टेप सोलली. आत एकेक जोड असा, की पुस्तकात छापावा. तांबं पांढरंशुभ्र होईपर्यंत घासलेलं, सोल्डर आतपर्यंत मुरलेलं, वर स्लीव्ह, सगळे जोड एकमेकांपासून सरकवून घेतलेले, म्हणजे गठ्ठा जाड होऊ नये. मी भांडले होते, तसंच तुम्ही केलं होतंत. मला न सांगता, माझ्या पद्धतीने. मी तिथेच बसले. मला वाटलं, हरले मी, उगाच तमाशा केला.

मग डावी बाजू उघडली. तिथे सोल्डर होतं पण वरवर, गोळ्यासारखं साचलेलं. स्लीव्ह एका बाजूला वितळून काळी पडलेली. तुमच्या अंगठ्याला भाजल्याचा तो डाग इथला असणार. पुढे सीटखाली आले तर सोल्डर नाहीच, नुसता पीळ. आणखी पुढे पीळही अर्धवट, टेप गुंडाळून धरून ठेवलेला. हिरवी वायर तशीच, तुम्ही कापलेलीसुद्धा नव्हती. डॅशबोर्डखाली, जिथे तुम्ही शेवटी होता, तिथे टेपच्या आत दोन वायरी नुसत्या शेजारी शेजारी झोपवल्या होत्या. आणि फ्यूज बॉक्समध्ये, तीन ठिकाणी, फ्यूजच्या जागी तांब्याचे तंतू. शेल्फवर डबा होता, आप्पा. हात लांब केला असता तर पोचला असता. पण तो एवढासा फ्यूज चिमटीत धरून, जोर लावून खाचेत बसवणं तुम्हाला जमत नव्हतं. त्याच चिमटीत तुम्ही एकदा अख्ख्या वऱ्हाडाचे दिवे धरले होतेत.

मागून पुढपर्यंत त्या व्हॅनमध्ये तुमचा हात कसा कसा जात गेला ते मला दिसत होतं. आणि मी पाच पावलांवर होते. नुसतं "वैशे, इकडे ये" म्हणायचं होतं. मी आले नसते? तुमच्या डोक्यात तरी काय होतं? भोईरची नात आणि तिच्यासोबतची पोरं या वायरींवर बसणार होती. सगळ्यांना हो म्हणणारे मास्टर! कसला चांगुलपणा हा? मी गाडीत बसून ओरडले. खरंच ओरडले, शिव्याही दिल्या, ज्या तुम्ही फ्यूजला द्यायचात त्याच. रस्त्यावरून जाणारे थांबले. सुमनताईंनी त्यांना हाकललं आणि आईला फोन केला.

आई दुकानात कधी यायची नाही. त्या दिवशी आली. दाराशी चप्पल काढून, जसं काही देवळात आलीय. सगळे उघडे केलेले जोड मी ओढून जमिनीवर पसरले होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं. मी तिला म्हटलं, "बघ. बघ काय करून ठेवलंय. आणि शेठला माहीत होतं. शेठला!"

आई म्हणाली, "मलापण माहीत होतं."

ती पुढे येऊन व्हॅनच्या दाराशी उभी राहिली.

"घास तोंडापर्यंत जायचा नाही कधी कधी. मग मीच भात कालवून भरवायचे. रात्री तू दुकान बंद करून यायच्या आधी जेवून घ्यायचे ते."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"शपथ घातली होती."

"का पण? मी काय केलं असतं?"

आई कधी माझ्यावर चिडत नाही. तेव्हा चिडली. "काय केलं असतं? घरी बसवलं असतंस. पक्कड काढून घेतली असतीस हातातून. म्हणायचे ते, वैशी एकदा म्हणाली की करते. डॉक्टरपेक्षा तुला भ्यायचे."

"हो! काढून घेतली असती! आणि आज जिवंत असते!"

"असते," आई म्हणाली. "ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असते. ते त्यांना नको होतं."

"आणि आपल्याला काय हवं होतं ते?"

मी तुम्हाला ओळखते, तुम्ही मला ओळखत होता, आणि मी काय करेन हे तुम्ही बरोबर ताडलं होतंत. मी तुम्हाला घरी बसवलं असतं. तुम्ही मला दिवसातून दहा शिव्या दिल्या असत्यात, आणि मी त्या रोज ऐकल्या असत्या. ते ओट्यावर बसलेले, चिडचिडे, डाव्या हाताने चहा सांडणारे आप्पा मला चालले असते. तुम्हाला चालले नसते. म्हणजे तुमच्या आयुष्याचा निर्णय तुम्ही घेतलात, ठीक. पण मला विचारलं नाहीत, आणि याला मी कधीही ठीक म्हणणार नाही.

आई मग खाली बसली. पदर खोचला आणि म्हणाली, "मला काय करता येईल ते सांग." मी तिला बॅटरी दिली, हातातली, टॉर्च. ती धरून बसली. मी एकेक वायर कापत गेले. जे हिरवं ते बाहेर. नवीन वायर, नवीन जोड, सोल्डर, स्लीव्ह. ती उजेड बरोबर माझ्या हातावर ठेवत होती, एकदाही हलवला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षाने घरी जायचो, सकाळी परत यायचो. आम्ही फार बोललो नाही. मी तिच्यावर अजून चिडलेली आहे. तिला ते माहीत आहे आणि तिचा उजेड तरी चुकला नाही.

फ्यूज बॉक्स नवीन टाकला. प्रत्येक खाचेत ज्या ताकदीचा हवा तोच फ्यूज. मग मी मुद्दाम एक वायर बॉडीला टेकवली. टक्. फ्यूज उडाला, दिवा विझला, वायर थंड. आईला दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." आपलं सगळं भांडण एवढंच होतं, आप्पा.

शंकरकाका अजून बोलत नाहीत. गावात सांगतात, पोरीने बापाची आठवण कात्रीने कापली. कापली. पिशवीभर निघाली, भंगारवाल्याला दिली. आठवण म्हणून त्यातला तुकडाही ठेवला नाही.

मागच्या उजव्या दिव्याचे जोड मात्र कापले नाहीत. यात माया वगैरे आणू नका. मी ते ओढून बघितले, मीटर लावून बघितले, गाडी तासभर चालू ठेवून हात लावून बघितले, गरम होतायत का. खोट काढायला मी जीव तोडून प्रयत्न केला. निघाली नाही. काम बरोबर होतं म्हणून ठेवलं, दुसरं कारण नाही. गिऱ्हाइकाने आणलेल्या कुठल्याही गाडीत ठेवलं असतं.

सोमवारी सकाळी भोईरकाका व्हॅन घेऊन गेले. हार त्यांनी घातला नाही, मीच नको म्हटलं, आरशासमोर लोंबतो. जाताना पोरांना घेऊन दुकानावरूनच गेले, मला दाखवायला. खिडकीतून दप्तरं, वेण्या, एक नाक काचेला चपटं लावलेलं. त्यातली त्यांची नात कुठली ते मला कळलं नाही. कुणी हात हलवला, मीपण हलवला. आई माझ्या मागे उभी होती.

कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली आणि भोईरकाकांनी ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लागले. डावा मी केलेला, उजवा तुम्ही. दोन्ही अगदी सारखे दिसत होते, आणि त्याचाही मला राग आला.

तुमची,
वैशी